तळाशी अडकलेली हवा

सासरा आणि जावई यांचं भांडण पाण्यावरून होतं. नळाला पाणी येत नाही म्हणून नव्हे, आलेल्या पाण्याचं करायचं काय यावरून.

सासऱ्याला कुठलीही वस्तू भिजत घातल्याशिवाय चैन पडत नसे. पातेलं भिजत, कप भिजत, दाढीचा ब्रश भिजत आणि झोपताना कवळी पेल्यात भिजत. पाण्याला वेळ दिला की ते आपलं काम चोख करतं, माणसाने मध्ये लुडबुड करू नये, असं त्याचं मत होतं. जावयाला ओल दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं होई. आंघोळ झाल्यावर तो नळाची तोटीसुद्धा पुसून काढी. सासऱ्याने पाणी घालून ठेवलेलं पातेलं तो रिकामं करी, घाशी, फडक्याने ठणठणीत कोरडं करी आणि फळीवर उपडं घाली. म्हातारा ते उचलून नाकाशी धरी, बुडाला अजून करपट वास आहे असं स्वतःशीच, पण घरभर ऐकू जाईल असं म्हणे आणि पुन्हा नळाखाली नेई.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. मध्ये लेक होती. एकाची लेक, दुसऱ्याची बायको आणि दोघांची टपालपेटी. हातभर अंतरावर बसलेला बाप तिला म्हणे, तुझ्या नवऱ्याला सांग, माझी कवळी फडक्यात गुंडाळून ठेवायला मी अजून मेलेलो नाही. नवरा ताटातून मान वर न काढता म्हणे, तुझ्या वडिलांना सांग, डासांना राहायला घराबाहेर पुष्कळ जागा आहे. दोन्ही निरोप पोचले असं ती धरून चाले आणि जेवत राही. आई गेल्यावर बापाला आपल्याकडे आणायचं तिनेच ठरवलं होतं. नवऱ्याने तेव्हा "आण" एवढंच म्हटलं होतं. त्या एका शब्दाची आठवण तो आजतागायत तोंडाने नाही, फडक्याने करून देत होता.

एरवी कसं असतं, घरातली माणसं सकाळी चार दिशांना पांगतात आणि दिवसभरात रागाचा जरा तरी डोळा लागतो. या तिघांच्या वाट्याला देवाने तेवढीही सोय ठेवली नव्हती. तिघं एकाच कारखान्यात होती, एकाच मजल्यावर, एकाच पिवळ्या दिव्याखाली.

कारखाना छोटाच. तिथे नसेतून आत सरकवायच्या बारीक नळीच्या टोकावर बसणारी, रक्ताचा दाब मोजणारी चिप बनत असे. तांदळाच्या कणीएवढी चिप, आणि त्या कणीत खणलेले खोल खड्डे. सिलिकॉनच्या आरशासारख्या गोल चकतीवर असे हजारो खड्डे एकदम खणले जात. त्या चकतीला वेफर म्हणत. वेफरवर अंगभर तांब्याची पातळ कातडी चढवायची. खड्ड्याच्या काठावरून भिंतीने तळापर्यंत उतरणाऱ्या तारा त्याच कातडीतून कोरून काढायच्या. त्यासाठी आधी तांब्यावर एक लेप द्यावा लागे. या लेपाला रेझिस्ट म्हणत. तो उजेडाला हळवा असे, म्हणून तर सगळीकडे पिवळे दिवे. लेप जिथे असेल तिथलं तांबं वाचेल, जिथे नसेल तिथलं आम्लात जाईल. म्हणजे सगळा खेळ लेपाचा. काठ, भिंत, तळ, एकही जागा उघडी राहता कामा नये.

हा लेप द्यायच्या तिथे दोन तऱ्हा होत्या, आणि दोन तऱ्हांचे दोन धनी होते.

म्हाताऱ्याची टाकी होती. दुधी पाण्याने भरलेली. त्या पाण्यात रेझिस्टचे डोळ्यांना न दिसणारे थेंब तरंगत असत. वेफर टाकीत टांगायची, समोर एक पत्रा टांगायचा आणि वीज सोडायची. मग ते थेंब जिथे जिथे तांबं आहे तिथे तिथे धाव घेत. भिंत म्हणू नका, तळ म्हणू नका, कोपरा म्हणू नका. लेप बसलेल्या जागेतून वीज जाईना की ती उरलेल्या उघड्या जागेकडे वळे आणि थेंबांनाही तिकडे नेई. सगळं अंग झाकलं की करंट आपोआप मंदावे. टाकीच "पुरे" म्हणे. म्हातारा या कामात म्हातारा झाला होता. त्याला तिथे टाकीकाका म्हणत.

जावयाचं फवाऱ्याचं यंत्र होतं. तापवलेल्या कोरड्या वेफरवर वरून रेझिस्टचं धुकं सोडायचं, तेही सुकं होत होत उतरायचं. देखणं यंत्र, काचेच्या पेटीतलं. जावयाला फवारेसाहेब म्हणत, आणि हे त्याचं खरं आडनाव नाही हे नव्या माणसांना कुणी लवकर सांगत नसे. लेक मायक्रोस्कोपवर बसे. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही वेफर पुढे जात नसे. तिला सगळे भिंगताई म्हणत.

यंदा मालकीणबाईंनी नवं काम घेतलं होतं. खड्डे पूर्वीपेक्षा कितीतरी खोल. आणि नवी भट्टी आणायची तर जागा हवी होती. टाकी आणि फवारा, दोन्हींपैकी एक कोठीच्या खोलीत जाणार हे त्यांनी सर्वांसमोर सांगून टाकलं. दोघांना सारख्याच वेफर मिळतील, भिंगताई बघेल, तिने म्हटलं ते झालं. आणि मग तिला बाजूला घेऊन त्या हेही म्हणाल्या होत्या की बाप आणि नवरा यांच्यामध्ये तुला बसवते आहे हे मला कळतं, पण भिंगाखाली जे दिसलं तेच सांगणारं माझ्याकडे दुसरं माणूस नाही.

फवारा कोठीत गेला असता तर जावयाला दुसरं काही करता आलं असतं, वयाने आणि हुशारीने तो तेवढा होता. टाकी गेली असती तर म्हातारा घरी बसला असता. दिवसभर, त्या घरात, त्या सिंकपाशी, बोलायला कुणी नसताना. लेकीला रात्रंदिवस दुसरं काही दिसत नव्हतं.

चाचणीच्या सकाळी बापाने नाश्त्याला हात लावला नाही. नवऱ्याने दोन वेळा घेतलं.

ओल्या कामाची खोली दोघांची सामाईक होती. टाकी तिथेच, आणि फवाऱ्याची तोटी धुवायचं बेसिनही तिथेच. म्हाताऱ्याने आल्या आल्या वेफर पाण्याच्या तसराळ्यात बुडवल्या, वर घंटेसारखं काचेचं झाकण ठेवलं आणि हवा ओढणारा पंप लावला. पाण्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. हे काम तो कुणाला समजावून सांगत नसे. लेकीला माहीत होतं ते लहानपणी बापाचा डबा द्यायला येऊन स्टुलावर बसून बघितल्यामुळे. खड्डा इतका खोल आणि इतका अरुंद असतो की वेफर नुसती पाण्यात घातली तर पाणी वरच थांबतं, तळाशी हवा अडकून बसते. आणि हवा असेल तिथे थेंब पोचत नाहीत. म्हणून आधी हवा ओढून काढायची, पाणी तळापर्यंत जाऊ द्यायचं आणि मग वेफर ओलीच्या ओली टाकीत न्यायची. टाकी पुरेशी ऊबदार होईपर्यंत ती पाण्याखालीच ठेवायची.

पंप बंद करून म्हाताऱ्याने काच उचलली आणि तो टाकीच्या तापमानाकडे बघत उभा राहिला. एरवी तो तसराळं सोडून हलत नसे. पण तेवढ्यात जावई तोटी धुवायला आत आला.

लेक काचेच्या भिंतीपलीकडे बसली होती. तिला आवाज ऐकू येत नव्हता, पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. जावयाने बेसिनचा नळ सोडला. म्हाताऱ्याने हातमोजे काढले, एकेक बोट ओढून, सावकाश, आणि पाठ करून खोलीबाहेर गेला. चहाच्या खोलीत जाऊन तो भिंतीकडे तोंड करून बसल्याचं नंतर कुणीतरी सांगितलं. तेवढ्यात लेकीला एका वेफरसाठी हाक आली आणि ती उठली. परत येऊन बसली तेव्हा जावई गेला होता आणि तसराळ्यात वेफर जशाच्या तशा पाण्याखाली होत्या.

टाकीत वेफर टांगायची वेळ झाली तेव्हा मालकीणबाई काचेपाशी आल्या. जावईही आला. हाताची घडी घालून, लग्नात नावडत्या पाहुण्याने उभं राहावं तसा उभा राहिला.

म्हाताऱ्याने वीज सोडली. मीटरचा काटा उठला.

हा काटा लेकीने शेकडो वेळा बघितला होता. तो ताडकन वर जाई, क्षणभर थरथरे आणि मग हळूहळू खाली येई. आज तो उठला, पण मध्येच कुठेतरी दमला. एवढ्या उघड्या तांब्याला जेवढी वीज लागावी तेवढी ती जातच नव्हती. तिला बापाची पाठ दिसत होती. पाठ ताठ झाली. हात स्विचकडे गेला. मग त्याने मान वळवून काचेकडे बघितलं. जावयाने भुवया किंचित उचलल्या, एवढंच. म्हाताऱ्याने हात मागे घेतला, पाठीमागे बांधला आणि काटा खाली येईपर्यंत तसाच उभा राहिला.

दुपारी धुतलेल्या, भाजलेल्या वेफर तिच्या टेबलावर आल्या. नवऱ्याच्या आणि बापाच्या.

तिने नवऱ्याच्या आधी घेतल्या. वरचं मैदान सुरेख, गुळगुळीत. तळही झाकलेला. पण खड्ड्याच्या काठावर, जिथे मैदान संपून भिंत सुरू होते तिथे, लेप ताणून फाटायला आलेल्या पापुद्र्यासारखा होता, आणि कुठे कुठे खालचं तांबं डोकावत होतं. तिथे तार तुटणार. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी.

मग बापाची. काठावरचा लेप बघून तिला बरं वाटलं. जाड, एकसारखा, हिरवट. तिने भिंग खाली खाली नेलं. भिंतही तशीच. मग तळ आला आणि तळाशी तांब्याची गोल टिकली लखलखत होती. पुढच्या खड्ड्यात टिकली. त्याच्या पुढच्यात टिकली. प्रत्येक खड्ड्याच्या बुडाशी जणू कुणी अंगठा टेकवून ठेवला होता आणि लेप त्याच्या कडेकडेने बसला होता.

हा बुडबुड्याचा ठसा होता. तिने डोळा भिंगापासून काढला. हवा काढल्याचं तर तिने डोळ्यांनी बघितलं होतं. मग ती परत आली कुठून?

ती बापाकडे गेली. तो टाकीचं झाकण पुसत होता. तिने सांगितलं. त्याने पुसणं थांबवलं नाही. म्हणाला, मला काट्यानेच सांगितलं होतं.

मग बंद का नाही केलं, असं तिने विचारलं.

"तो बघत होता," बाप म्हणाला. "त्याच्यादेखत चालू केलेली टाकी मी बंद करणार? कधी झालंय असं?"

"बाबा, सगळ्या वेफर गेल्या."

"त्या मी घालवल्या नाहीत. तसराळं सोडून मी गेलो तेव्हा आत कोण होतं ते त्याला विचार. मालकीणबाईंना जाऊन सांग, जावयाने घात केला. काट्याचं मात्र तिथे बोलायचं नाही. ते तुझ्यामाझ्यात."

नवरा फवाऱ्याच्या पेटीपाशी होता. तिने काही विचारायच्या आत त्याने तिचा चेहरा वाचला, आणि टाळाटाळ केली नाही हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

"मी काढल्या होत्या पाण्यातून," तो म्हणाला. "तसराळ्यात कसलीशी साय धरली होती. त्यात वेफर लोळत पडल्या होत्या. मी त्या धुतल्या, नायट्रोजन वायूचा झोत मारून कोरड्या केल्या, पाणी बदललं आणि पुन्हा ठेवल्या. होत्या तशा."

"होत्या तशा नव्हत्या. कोरड्या केल्यास तेव्हा खड्ड्यांत हवा शिरली. नुसतं पाण्यात ठेवून ती निघत नाही."

"हे मला कोणी सांगितलंय? मी टाकीजवळ गेलो की तुझे वडील झाकण ओढतात. माझ्याकडे पाण्याचा एक थेंब राहिला तर वेफर फुकट जाते. वेफर पाण्यात पडलेली दिसली की माझा हात आपोआप जातो."

"म्हणजे त्यांच्या भल्यासाठी केलंस?"

तो हसला. ते हसू तिला आवडलं नाही. "भल्यासाठी? त्यांच्या? माझ्या डोळ्यांना बघवलं नाही म्हणून केलं. घरी बघवत नाही तसं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुला खोटं बोलायला मी सांगत नाही. तळ उघडा आहे, तेवढंच सांग. ते खरंच आहे ना? पुढचं पुराण कुणी मागितलंय?"

तिच्या मनात एकच आलं, की दोघांनीही आपल्याला अर्धं अर्धं खरं दिलंय आणि उरलेलं अर्धं गिळायला सांगितलंय. बापाचं अर्धं सांगावं तर नवऱ्याची नोकरी जाते. नवऱ्याचं सांगावं तर बापाची टाकी जाते. आणि दोघांचीही अर्धी खोटी नाहीत. खोटं बोलणं एक वेळ सोपं असतं, माणूस निदान मनातून शरमतो. अशा खऱ्याचं काय करावं हे देवालाच ठाऊक.

मालकीणबाई आल्या तेव्हा दोघंही तिच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे होते. तिने उभं राहून सांगितलं. फवाऱ्याचा काठ विरळ आहे. टाकीचा तळ उघडा आहे. तळ उघडा आहे कारण तिथे हवा होती. हवा होती कारण ओल्या वेफर यांनी कोरड्या केल्या. यांनी त्या कोरड्या केल्या कारण ओल्या का ठेवतात हे बाबांनी यांना इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही. आणि काटा कमी उठला तेव्हा टाकी बंद करून हवा पुन्हा काढली असती तर तळही झाकला गेला असता. बाबांनी काटा बघितला होता. काचेपाशी हे उभे होते म्हणून त्यांनी बंद केली नाही.

एका दमात बोलली. मध्ये थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

नवरा तिच्याकडे असं बघत होता की जणू तिने त्याचे कपडे काढून टेबलावर ठेवले होते. बाप तिच्याकडे बघतच नव्हता.

लेप अजून विरघळवून काढता येतो, ती म्हणाली, एक वेफर धुऊन पुन्हा टाकीत घालू द्या. मालकीणबाईंनी म्हाताऱ्याकडे बघितलं.

"मी करणार नाही," म्हातारा म्हणाला. "मी चुकलेलो नाही. चुकलेला माणूस पुन्हा करतो."

"काका, टाकी जाईल," मालकीणबाई म्हणाल्या.

"जाऊ दे."

आता बघा, ज्या टाकीसाठी हा माणूस सकाळी उपाशी आला होता, तीच टाकी तो जावयासमोर दुसऱ्यांदा हात घालावा लागू नये म्हणून सोडून द्यायला निघाला होता. राग माणसाला कुठून कुठे आणून सोडतो त्याला हिशेब नाही. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं होतं की चिडीचं हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने टेबलावरचे हातमोजे उचलले आणि म्हणाली, मग मी करते.

ओल्या खोलीत तिने वेफरवरचा लेप उतरवला. नवऱ्याला मालकीणबाईंनी आत यायला लावलं, आणि काही शिवायचं नाही असंही बजावलं, म्हणून तो हात पाठीशी धरून कोपऱ्यात उभा राहिला. म्हातारा दाराजवळच्या स्टुलावर बसला. लहानपणी ती जिथे बसायची तेच स्टूल. टाकीकडे पाठ करून बसला.

तिने तसराळं घेतलं आणि नळाखाली धरलं.

"नळाचं नको," पाठमोरा म्हातारा म्हणाला.

ती थांबली.

"खालच्या कपाटात बरणी आहे. उकळून गार केलेलं. नळाच्या पाण्यात हवा असते विरघळलेली, टाकीत ऊब लागली की ती बाहेर पडते." आणि मग, कुणी आपल्याला मऊ पडलेला समजू नये म्हणून, "नळाचं घेतलं तरी मला काय. टाकी तुझी."

तिने बरणीतलं पाणी घेतलं. काच ठेवली, पंप लावला. बुडबुडे सुटले, माळा झाल्या, विरळ झाल्या, थांबले. तिने पंप सोडला, झाकणाखाली हवा भस्सकन परत शिरली, आणि तिने काच काढली. वेफर पाण्याखालून काढली ती थेट टाकीत नेली, मध्ये श्वासही घेतला नाही. कोपऱ्यातून नवऱ्याचे डोळे त्या ठिबकणाऱ्या वेफरवर खिळले होते, आणि पाठीशी धरलेल्या हातांपैकी एक दुसऱ्याला आवळून धरत होता हे काचेत दिसत होतं. तिने वीज सोडली.

काटा ताडकन उठला. सकाळच्या खुणेच्या खूप वर गेला, थरथरला. म्हाताऱ्याला काटा दिसत नव्हता, पण वीज सोडल्यावर त्या जुन्या मीटरचा बारीक गुणगुणाट होई आणि तो त्याने ऐकला असावा, कारण त्याचे खांदे खाली आले. काटा उतरत गेला, आणखी उतरला, आणि टाकीने पुरे म्हटलं.

भाजून आल्यावर भिंगाखाली तिने आधी मालकीणबाईंना बघायला सांगितलं. काठ झाकलेला. भिंत झाकलेली. तळ झाकलेला. त्यांनी एकामागून एक बरेच खड्डे बघितले. मग त्या उभ्या राहिल्या आणि निकाल दिला. टाकी राहील. फवारा कोठीत जाईल. पण टाकीवर आजपासून भिंगताई. काका शिकवतील, फवारेसाहेब हाताखाली राहतील, आणि भिंगावर त्या दुसरं कुणी आणतील. ज्या टाकीवर काम करणारा माणूस काट्यापेक्षा काचेबाहेर जास्त बघतो ती टाकी मी त्याच्या भरवशावर ठेवणार नाही, असंही त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याला ते तोंडावर म्हणाल्या, आणि मग त्याच्या वयाकडे बघून नजर वळवली.

घरी परतताना तिघं एका रस्त्याने, पण एका रांगेत चालली. पुढे बाप, मागे नवरा, त्याच्या मागे ती. एरवी ती मध्ये असे.

घरात शिरल्यावर तिने पानं वाढली. बापाने ताट जवळ ओढलं आणि म्हणाला, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायला एवढी शिकवली नव्हती हिला."

हे कुणाला उद्देशून होतं ते तिला आधी समजलं नाही. सवयीने तिने नवऱ्याकडे बघितलं, निरोप पोचवायला. पण नवऱ्याने ताटातून मान वर काढली होती आणि तो थेट म्हाताऱ्याकडे बघत होता.

"मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," तो म्हणाला. "पण विचारायचं कशाला. सगळ्यांसमोर फैसला."

"काट्याचं बोलू नको म्हणून मी तिला स्पष्ट सांगितलं होतं."

"तुम्हाला वाटतं ती कुणाचं ऐकते?"

"आईवर गेलीय."

नवरा मान हलवून हो म्हणाला. त्याने सासूला एकदाच बघितलं होतं, लग्नात. लेकीने घास हातात धरला होता तो तसाच राहिला. इतक्या वर्षांत या टेबलावर या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं तिने ऐकलं नव्हतं. झालं ते आज झालं, आणि तिच्याविरुद्ध झालं. ती उठली. तिला कुणी बस म्हटलं नाही.

सिंकमध्ये सकाळपासून बापाचा कप भिजत होता. नवऱ्याने आज तो कोरडा केला नव्हता. तिने नळ सोडला आणि ताट धुवायला घेतलं. मागून बोलणं येत होतं, कधी तिच्या बापाचं, कधी नवऱ्याचं, कडवट, आणि त्या कडवटपणात ते दोघं शेजारी बसून वाटून घेत असल्यासारखे.

"आणि काम तरी धड केलं का?" म्हातारा म्हणाला. "पंप एकदम सोडला तिने. बघितलंत ना तुम्ही? तो असा एकदम सोडायचा नसतो."

"का?" नवऱ्याने विचारलं.

लेकीने हात पाण्याखालीच थांबवला.

"एकदम सोडला की पाणी खड्ड्यात आपटतं," म्हाताऱ्याचा आवाज आला. "एखादा बुडबुडा पुन्हा कोंडला जातो. सावकाश सोडायचा. मग पाणी भिंतीने उतरत जातं. आणि आज नशीब म्हणून जमलं, दर वेळी जमणार नाही तिला. द्या तो पेला इकडे, दाखवतो."

पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग वाटी उपडी घातल्याचा, मग पाणी ओतल्याचा. पाणी टेबलावर सांडलं असावं. नवऱ्याचं फडकं लगेच हललं नाही.

तिने नळ बंद केला, अगदी हलक्या हाताने, तोटीचा आवाज होणार नाही असा. ताट ओलंच होतं. ते तसंच हातात धरून, टेबलाकडे पाठ करून ती उभी राहिली, आणि तिला कुणीही हाक मारू नये म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिली.